कोविड वॉर्डातल्या टाळ्या

आम्ही चार सिस्टर चहाला बसलो की कोविडचे किस्से निघतातच. हसतो, हसतो आणि मग एकदम राग येतो. माझे बहुतेक किस्से आमच्या नांदेडच्या वॉर्डातल्या शांतामावशींचे. साफसफाईला कंत्राटावर होत्या. कोविड वॉर्ड चालू तोवर काम, वॉर्ड बंद की घरी! त्याच पगारावर लेकीचं कॉलेज चाललेलं.

*

पहिल्या लाटेत मावशी पॉझिटिव्ह निघाल्या. गल्लीनं आधी थाळ्या वाजवल्या होत्या, आता त्याच गल्लीनं दारासमोर बांबू ठोकले. मावशी म्हणाल्या, "थाळ्या समद्यांनी वाजविल्या, वाढलं कुनीच न्हाई!"

*

मोठे साहेब काचेबाहेरून राऊंड घ्यायचे. एकदा माईकवर ओरडले, "मावशी, पेशंटच्या जवळ जाऊ नका, रिस्क आहे!"

मावशींनी वळून विचारलं, "मग त्याचं संडासचं भांडं तुमी काढता का, साहेब?"

राऊंड तिथंच संपला.

*

दुसऱ्या लाटेत मावशी पुन्हा पॉझिटिव्ह, आणि या वेळी ऑक्सिजन घसरलेला. ज्या वॉर्डाची फरशी रोज पुसली, तिथं बेड नाही! व्हरांड्यात सतरंजीवर पडून होत्या. एक आजोबा गेले तेव्हा कॉट रिकामी झाली. मी मावशींना धरून आत आणलं, तर बाई धापा टाकत कॉट पुसायला लागल्या.

मी ओरडले, "मावशी, आधी झोपा!"

"पुसनार कोन, सिस्टर? पुसनारी तर मीच की!"

*

बरा झालेला पेशंट घरी निघाला की सगळ्या स्टाफनं टाळ्या वाजवायच्या, अशी आमच्याकडे पद्धत. मावशी बऱ्या झाल्या तेव्हा सुपरवायझर एवढंच म्हणाला, "उद्यापासून या." माझं डोकंच फिरलं. मी एकटीच जोरजोरात टाळ्या वाजवायला लागले.

मावशी म्हणाल्या, "हळू, सिस्टर. पेशंट झोपून राहिलेत."

*

तिसरी लाट हलकी गेली. निम्मा स्टाफ आजारी पडला, मावशी तिसऱ्यांदा, पण सगळे उठले. शेवटी वॉर्डात एकच पेशंट उरला, अर्धापूरचा. त्याची सुट्टी झाली त्या दिवशी पेढे आले, फोटो निघाले. मोठे साहेब पहिल्यांदाच काचेच्या आत आले आणि म्हणाले, "उद्यापासून वॉर्ड बंद!" टाळ्यांचा नुसता कडकडाट!

मावशींनी टाळ्या वाजवल्या नाहीत. पेढा लेकीसाठी पदरात बांधला. पेशंट दारापर्यंत पोचला, तशा त्या त्याच्याजवळ गेल्या आणि हळूच विचारलं,

"दादा, थोडा खोकला हाय न्हवं अजून?"