बुधवारच्या प्रार्थनेतला जाहीर निषेध

पत्रक कसं लिहावं हे मला चळवळीत शिकवलं गेलं. पहिली ओळ थेट, आरोप स्पष्ट आणि तपशील द्यायचाच, कारण तपशिलाशिवाय पत्रकाला धार येत नाही. त्या धारेनं मी एका बाईची नोकरी कापली.

सांगलीतल्या एका खासगी दवाखान्यात कंत्राटी सफाईचं काम करणाऱ्या बायकांसाठी आम्ही लढत होतो. मागण्या साध्या होत्या: जाड हातमोजे आणि आठवड्याची सुट्टी. या बायकांना दवाखान्यात सगळेच 'मावशी' म्हणतात. प्रेम वगैरे काही नाही, मावशी म्हटलं की नाव विचारायची गरज पडत नाही. त्यांतल्या सर्वांत जुन्या मावशींनी मला एकदा चहाच्या गाड्यावर सांगितलं की प्रसूती विभागातला कचरा वेगळा करताना त्यांना वापरलेली सुई टोचली, आणि मुकादम म्हणाला, साबणानं धुवा आणि कामाला लागा. "हे तुला म्हणून सांगितलं बग," असंही त्या म्हणाल्या होत्या.

मी पत्रकात नाव घातलं नाही. 'प्रसूती विभागातील सर्वांत जुन्या भगिनी' एवढंच लिहिलं. आता सर्वांत जुनी एकच असते, हे कळायला काय शिकावं लागतं? सकाळी आम्ही पत्रकं वाटली, दुपारी ठेकेदारानं मावशींना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. बाकीच्या बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या. बरोबरच होतं त्यांचं.

मी साताऱ्याला घरी पळाले.

आम्ही ख्रिस्ती. रविवारची शाळा, नाताळच्या नाटकात डोक्याला टॉवेल बांधून मेंढपाळ होणं, सगळं केलेलं. कराडला कॉलेजात गेले आणि ते सुटलं. गरिबाला स्वर्गाचं आश्वासन देऊन गप्प बसवतात, असं मी एका पत्रकात लिहिलंही होतं. आईनं ते पूर्ण वाचलं आणि घडी घालून परत दिलं, एवढंच.

आता दहा-बारा दिवस मी भिंतीकडे तोंड करून पडून होते. जेवण नको, फोन नको. मी नसते तर बरं झालं असतं, हा विचार आधी मावशींच्या नोकरीपुरता होता. मग तो तेवढ्यावर राहिला नाही. हे मी सहज लिहीत नाहीये.

रविवारी आई मला ओढून चर्चला घेऊन गेली. उपासना झाल्यावर अंगणात लोक आमच्यातल्या रीतीनं 'सलाम, सलाम' करत जवळ आले. एक बाई पाठीवर हात फिरवत म्हणाल्या, "यात देवाची काहीतरी योजना असेल गं." मला असा संताप आला! एका ठेकेदाराच्या मस्तीला देवाची योजना म्हणायचं? आणि माझ्या आगाऊपणालाही? असल्या सांत्वनानं माणूस आणखी एकटा पडतो. आईला म्हटलं, परत मला इथं आणू नकोस.

त्यानंतर दोन दिवसांनी मावशींचाच फोन आला.

"कुठं गायब झालीस गं? उद्या बुधवार, आमच्या घरी प्रार्थना हाय. ये."

त्याही ख्रिस्ती आहेत हे मला तेव्हा कळलं. चार महिने मी त्यांच्या हक्कांवर लिहीत होते, त्यांच्या घरात काय चालतं हे एकदाही विचारलं नव्हतं.

"मावशी, कुठल्या तोंडानं येऊ?"

"हाय त्याच तोंडानं ये. दुसरं कुठनं आणणार?"

दुसऱ्या दिवशी एसटीत बसले. कराडला गाडी थांबली तेव्हा परतीची गाडी धरावी म्हणून उतरलेसुद्धा. कंडक्टर म्हणाला, "तिकीट सांगलीचं हाय न्हवं तुमचं? मग चढा की." चढले.

विश्रामबागच्या पाठीमागे त्यांच्या दोन खोल्या. सतरंजीवर आठ-दहा माणसं, चर्चचे पाळक आणि एक म्हातारे निवृत्त एसटी ड्रायव्हर. मी दाराजवळ, चपलांशेजारी बसले.

घरप्रार्थनेची आमच्याकडे एक पद्धत आहे. गाणं आणि शास्त्रपाठ झाला की पाळक प्रार्थनेचे विषय विचारतात. लोक सांगतात: कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या मुलाची दहावी. पाळक ते वहीत लिहितात आणि एकेक विषय एकेकाला वाटून देतात. आपला विषय दुसऱ्यानं घ्यायचा आणि सगळ्यांसमोर मोठ्यानं देवापुढं मांडायचा.

मावशी म्हणाल्या, "माझी नोकरी."

"कोण घेतं?" पाळकांनी विचारलं.

मावशींनी माझ्याकडं बोट केलं. "ती घेईल. तिला सगळं ठावं हाय."

सगळ्यांनी डोळे मिटले. माझी पाळी आली. 'हे प्रभू' म्हणाले आणि पुढे काही सुचेना. कित्येक वर्षांत सवय नव्हती. मग जे येत होतं तेच तोंडातून बाहेर पडलं.

"हे प्रभू, सदर दवाखान्यातील या भगिनीला कोणतीही नोटीस न देता कामावरून काढण्यात आले आहे. आम्ही याचा जाहीर निषेध करतो."

"आमेन!" म्हातारे ड्रायव्हर. कुणीतरी फिसकन हसलं.

"त्यांना तातडीने कामावर परत घेण्यात यावे. सर्व महिलांना हातमोजे देण्यात यावेत."

"आमेन!" आता चार-पाच आवाज.

"संबंधित दोषींवर..." आणि मी अडकले. हे शब्द किती वेळा लिहिले असतील मी. ठेकेदार दोषी होताच, आजही आहे. पण त्याला बोट करून बाई मी दाखवली होती.

"दोषींमध्ये मीही आहे," मी म्हणाले. "त्यांनी विश्वासानं सांगितलं आणि मी छापलं. मला लाज वाटते. मला आता जगावंसं वाटत नाही."

यावर कुणी आमेन म्हणालं नाही. मग मावशींचा आवाज आला. "आणि प्रभू, हिला मी माफ केलंय, ते तुला ठावं हाय. हिलाच ठावं न्हाई. आमेन."

मी रडले. चपलांशेजारी बसून, नाक वाहेपर्यंत.

चहा आला तसे म्हातारे ड्रायव्हर म्हणाले, "पोरी, देवाला निवेदन दिलंस ते बरं केलंस. पोच घेतलीस का?"

"आवं, गप बसा की जरा," मावशी त्यांच्यावर खेकसल्या.

मी स्वयंपाकघरात गेले. मनात अडकलं होतं ते विचारून टाकलं, "मावशी, तुम्हीही याला देवाची इच्छा म्हणता का?"

"देवाची कशापायी? ठेकेदाराची इच्छा ती. देव माझ्या बाजूनं हाय, म्हणून तर उभी हाय मी." कप विसळता विसळता त्या थांबल्या. "आणि राग हाय बरं का. लय राग हाय तुझा. तुझं नाव निघालं की भांडी आपटत हुते. माफ केलं म्हंजे राग गेला, असं समजू नकोस."

का कोण जाणे, हे ऐकून मला कितीतरी दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. साताऱ्यात सगळे माझी चूक लहान करत होते. इथं ती होती तेवढीच ठेवली आणि तरी मला चहा दिला. देव ही नुसती समजूत आहे की आणखी काही, हा वाद मी अजून स्वतःशी घालते. पण गप्प बसवणारा तो नव्हे, एवढं त्या खोलीत मला कळलं.

मावशींना काम परत मिळालेलं नाही. तक्रार दाखल आहे, मसुदा मी त्यांना ओळ न् ओळ वाचून दाखवला आणि दोन ओळी त्यांनी खोडायला लावल्या. पाळक वहीतून त्यांचा विषय वगळत नाहीत, दर बुधवारी तो वेगळ्या कुणाच्या तरी वाट्याला येतो. परवा विषय विचारले तेव्हा मी हात वर केला. मी म्हणाले, मला अजूनही कधीकधी सकाळी अंथरुणातून उठवत नाही.

पाळकांनी लिहून घ्यायच्या आत मावशी म्हणाल्या, "हा माझ्याकडं द्या."