रस्त्यापलीकडून दिसणारं गाव

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मुरुमला गिरणीवर दळणाच्या रांगेत होते. डबा घरी ठेवला, गॅस बंद असल्याचं बघितलं, शेजारी किल्ली दिली आणि दादांच्या गावाची, सास्तूरची एसटी धरली. कामं उरकत राहिलं की रडू मागं राहतं...

दादा, माझे थोरले भाऊ, आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवत होते. मागच्या वर्षी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात थरथरू लागला, रेघ ओढता येईना. माझ्या मुलीनं मोबाईलवर त्यांना नुसत्या ठिपक्यांनी काढलेली निसर्गचित्रं दाखवली. ठिपका थरथरत्या हातालाही जमतो. सत्तरीत दादा पुन्हा विद्यार्थी झाले. दर रविवारी जाऊन मी बाटल्यांच्या झाकणांत रंग काढून द्यायची. आधी ते सवयीनं रंग कालवायचे आणि सगळा चिखल व्हायचा. हळूहळू पिवळ्याशेजारी निळा नुसता ठेवायला शिकले. लांबून शेत हिरवं दिसायचं.

काढत होते ते त्र्याण्णवच्या भूकंपाआधीचं गाव. त्याचा एकही फोटो उरला नव्हता. वहिनी आणि त्यांची छोटी लेक सुमी भूकंपातच गेल्या. दादा त्या रात्री परगावी होते.

भूकंपानंतर मिळालेली खोली एवढीशी, चित्र बघायला मागं सरकायला जागा नाही. शेजारचा महादू आत येऊन म्हणाला, "गुरुजी, गावाला देवी आल्यात की वो, नुसतं फोडच फोड."

"रस्त्यापलीकडं जाऊन बघ," दादा म्हणाले.

मी चित्र दारात धरलं. महादू पलीकडं गेला. परत येऊन म्हणाला, "आमच्या आईला उंबऱ्यात बसवा की."

दादांनी लाल लुगड्याचे चार ठिपके दिले. मग लोक येऊ लागले. कुणाचा बाप पारावर, कुणाची बहीण आडावर... दादा सगळ्यांना बसवत गेले. स्वतःचं दार मात्र रिकामं.

"दादा, वहिनी आन् सुमी?"

"त्या आत झोपल्यात. भाईरून दिसायच्या कशा?"

मी पुढचं झाकण भरून दिलं.

तेराव्यानंतर खोली आवरत होते, तेव्हा महादू आला. "अक्का, गुरुजींनाबी बसवा आता."

मी कधी ब्रश धरला नव्हता. त्यांच्या दारात सदऱ्याचा एक पांढरा ठिपका ठेवला आणि चित्र बाहेर आणलं.

"न्हाय दिसत," महादू पलीकडून म्हणाला. "एकटा ठिपका लांबून दिसत न्हाय, अक्का."

मी आत गेले. पांढऱ्याला लागून वहिनींच्या लुगड्याचा हिरवा ठेवला. त्याला चिकटून एक पिवळा, लहान. परत दारात येऊन उभी राहिले.

"आता?"

"व्हय," महादू म्हणाला. "तिघंबी."