आक्कानं शिवलेलं महाभारत

आक्काबद्दल कुणी चार शब्द चांगले बोललं की माझं डोकं अजून फिरतं. आक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. ती माझ्याशी बोलायची ते पाठ करून. तोंड चुलीकडे, नाहीतर भांड्यांकडे, आणि शब्द मात्र माझ्यासाठी. लग्न होऊन मी निपाणीजवळच्या त्या गावात आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन गोठ्यात तिच्यामागे उभी राहिले. ती म्हशीला म्हणाली, "काय गं, आपल्यात मास्तरीण आलीया आता. शेण काढाय येतंय का तिला, इचार." मी मराठी शाळेत शिक्षिका होते, शेण काढायला मला येत नव्हतं. म्हशीनं मान वळवून माझ्याकडे बघितलं. आक्कानं तेवढंही केलं नाही.

उंच, काटक बाई. पदर कमरेला खोचलेला आणि केसांत बहुतेक वेळा दाभण. तंबाखू भरायची पोती ती घरी शिवायची आणि दाभण हरवू नये म्हणून अंबाड्यात खोवायची. माहेर चिकोडीकडचं, शाळा कानडी आणि तीही चौथीपर्यंत. मराठी घडघडा बोलायची, पण वाचायला येत नव्हती. भांडण संपवायचं झालं की "साकु" म्हणायची. साकु म्हणजे कानडीत पुरे. ती साकु म्हणाली की माझे मिस्टर, त्यांचे थोरले भाऊ आप्पा, सगळे गप्प बसत. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या, त्यामुळे घर आक्काच्या मुठीत होतं.

आमचं वैर कशावरून होतं ते सरळच सांगते. मला निपाणीत शाळेजवळ स्वतःचं घर हवं होतं. त्यासाठी रस्त्याकडेच्या शेतातला आमचा वाटा वेगळा करून हवा होता. आक्काला दोन भावांची एक चूल मोडलेली नको होती. दहा वर्षं मी हा विषय काढत होते आणि दहा वर्षं ती म्हशीशी बोलत होती.

अशात बेळगावच्या एका पुस्तक प्रदर्शनातून मी महाभारत आणलं. आजच्या सोप्या भाषेत सांगितलेलं, पानोपानी रंगीत चित्रं, उशीएवढं जाड. पिशवीतून काढून सोप्यात ठेवलं आणि पाय धुवायला गेले. येऊन बघते तर आक्का त्याच्यासमोर उभी. वरचं चित्र तिनं ओळखलं होतं. म्हणाली, "ह्ये घरात ऱ्हायचं न्हाई. ज्या घरात ह्ये असतंय, तितं भाऊ भावावर उठतोय. वाचायचं तर दिवळात जा. आन् त्यातली लढाई तर छपराखाली वाचायचीच न्हाई." हे तिच्या एकटीचं खूळ नव्हतं, आमच्या भागात पुष्कळ घरांत असं मानतात. पण मी शिक्षिका. मी म्हणाले, "आक्का, पुस्तकानं कधी घर फुटतं का?" तिनं पुस्तक सुपात घेतलं आणि गोठ्यातल्या फळीवर नेऊन ठेवलं. मी परत आणलं. आठवडाभर ते माझ्या खोलीतून गोठ्यात आणि गोठ्यातून खोलीत हेलपाटे घालत होतं, आणि त्याला शेणाचा वास लागला तो लागलाच.

मग मीही इरेला पेटले. दर रविवारी दुपारी सोप्यात बसून मोठ्यानं वाचायला लागले. शेजारची मालू आणि आणखी दोघीतिघी विड्या वळायची सुपं घेऊन यायच्या. आक्का उंबऱ्यात, आमच्याकडे पाठ करून. "मी ऐकत न्हाई, मी पोती शिवतो," असं पहिल्याच दिवशी तिनं जाहीर केलं. पण चित्र दाखवायला मी पुस्तक उचललं की पोतं मांडीवर तसंच राहायचं आणि मान जराशी वळायची.

चित्रांवर तिचा राग काही निराळाच. द्रौपदीचं वनवासातलं चित्र बघून म्हणाली, "हिनं एक भाकरी थापल्याली न्हाई. हात बघ की. आन् जंगलात साडीला इस्त्री कुणी केली?" कुंतीनं न बघता वाटून घ्या म्हटलं, तिथं तर ती पोतं टाकून उठली. "बघाय काय झालतं? मान वळवाय किती कष्ट पडत्यात?" हे स्वतः कधी मान न वळवणारी बाई म्हणत होती. मालूनं माझ्याकडे बघून डोळा मारला.

सभेचं चित्र आलं त्या रविवारी मात्र कुणी हसलं नाही. चित्रकारानं आंधळा राजा मान खाली घालून बसलेला दाखवला होता. मालू म्हणाली, "बिचारा, त्याला दिसतच न्हवतं." आक्का उंबऱ्यातून म्हणाली, "दिसत न्हवतं, ऐकाय येत हुतं की. बाई वरडत हुती, ती कानानं ऐकलीच न्हवं त्यानं? आन् त्याची बायकू बघ, चांगलं डोळं आसून पट्टी बांधून बसली. घरात एकानं तरी बघाय पायजे. कुणीच बघंना झालं की मग आसं हुतंय." हे शेवटचं मला होतं. मी पान उलटलं. मनात म्हटलं, बघायचा मक्ता तुलाच कुणी दिला बाई.

वनवास वाचून संपला आणि पुढच्या रविवारी लढाई सुरू व्हायची होती. बायका नेहमीपेक्षा जास्त आल्या. मी पुस्तक उघडलं आणि पान उलटेना. पहिल्यांदा वाटलं, चिकटलं. मग बघितलं तर लढाईच्या पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळी पानं कडेनं शिवून टाकलेली. थोडी थोडी पानं घेऊन, दुहेरी दोऱ्यानं, दाभणानं भोकं पाडून. पोत्याचं तोंड शिवावं तसे एकसारखे टाके. एकही अक्षर दोऱ्याखाली आलं नव्हतं, चित्रंही वाचवली होती. बायका फिदीफिदी हसायला लागल्या. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या.

"हे काय केलंत आक्का?"

"फाडलं न्हाई, जाळलं न्हाई. देवाचं हाय. शिवलंय. साकु."

त्याच आठवड्यात वाटणीचा विषय पुन्हा निघाला. या वेळी माझे मिस्टरही बोलले, आणि आप्पांचाही आवाज चढला. दोघे भाऊ एकमेकांवर ओरडताना मी पहिल्यांदाच ऐकत होते. तेव्हा आक्का माझ्याकडे वळली. इतक्या वर्षांत ती समोरासमोर बोलली ती ही एकदाच. "साळंत चाळीस पोरं सांबाळतीस म्हनं. घरातली चार माणसं सांबाळाय येईनात तुला?" मी आत गेले. माझ्या दोघा मुलांच्या कंपासपेटीतलं ब्लेड घेतलं आणि टचाटचा सगळे टाके कापले. सोप्यात येऊन बसले आणि लढाई वाचायला लागले, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात. ऐकायला कुणी नव्हतं. दिवे लागेपर्यंत वाचलं. घसा बसला तरी थांबले नाही. आक्का गोठ्यात म्हशीच्या पाठीला टेकून उभी होती. साकु म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. ती म्हणाली नाही.

दोन महिन्यांत वाटणी झाली. गावातली वडीलधारी माणसं बसली. शेत झालं, जनावरं झाली, भांडी मांडली. आक्कानं काहीच मागितलं नाही. म्हैस तिच्याकडे गेली तीही आप्पांनी मागितली म्हणून. सगळं उरकत आलं तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "ते पुस्तक माझ्या वाटणीत घाला." माणसं हसली. एकानं विचारलंसुद्धा, "वैनी, तुमास्नी मराठी कुठं वाचाय येतंय?" मला तर वाटलं, माझं नाक कापायचं म्हणून मागतेय. मी म्हणाले, "घेऊ दे. पण मग सासूबाईंचा तांब्याचा हंडा मला." त्या हंड्यावर तिचा जीव होता, हे मला चांगलं ठाऊक होतं. ती आत गेली आणि हंडा घासून, पुसून माझ्यासमोर आणून ठेवला. आता त्यात माझ्या दारातलं मनीप्लांट आहे.

निपाणीत माझं घर झालं. माझी दोन्ही मुलं शिकली, एकमेकांच्या गळ्यात गळे घालून वाढली. गावाकडे मात्र आक्काच्या घराला कुणाची दृष्ट लागली कोण जाणे. तिचे दोघे मुलगे तीन-चार वर्षांत एकमेकांचं तोंड बघेनासे झाले. आप्पा त्याच धसक्यानं गेले. एका घरात दोन चुली झाल्या, आणि आक्कानं दोघांनाही नाही म्हणून सोप्यात स्वतःची तिसरी मांडली. गाव म्हणायचं, ते पुस्तक घरात आहे म्हणून. मी शाळेत स्टाफरूममध्ये हे सांगून हसायचे. खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं.

त्यानंतर ती मला एकदाच भेटली, संकेश्वरला एका लग्नात. जेवणाच्या पंगतीत माझ्याकडे पाठ करूनच बसली. वाढप्यानं भात वाढला, तेव्हा पत्रावळीकडे बघत विचारलं, "पोरं बोलत्यात न्हवं एकमेकांसंगं?" मी तोऱ्यात म्हणाले, "हो तर. एका ताटात जेवतात." ती म्हणाली, "साकु." आणि गोड न खाता उठून गेली. मला वाटलं, हिच्या डोळ्यांत सलतंय. घरी येऊन मी दोघांवरून मीठमोहऱ्या उतरून टाकल्या.

गेल्या उन्हाळ्यात आक्का गेली. बाराव्याला मी स्कूटीवरून एकटी गेले. तिच्या थोरल्या सुनेनं, रेखानं, निघताना मला थांबवलं आणि पोत्याच्या तुकड्यात बांधलेलं काहीतरी हातात दिलं. "काकू, ह्ये तुमचं हाय. घिऊन जावा." आत ते महाभारत होतं. मी कापलेली पानं पुन्हा शिवलेली, त्याच जुन्या भोकांतून, नव्या दोऱ्यानं.

"देवळात का नाही देऊन टाकलंत?" मी विचारलं.

"लई डाव म्हणालो आम्ही. दिवळात द्या, न्हाईतर नदीत सोडा. त्या म्हणायच्या, नदीत सोडलं तर खालच्या गावाला लागंल, तितं बी भाऊभाऊ आसतील की. दिवळात दिलं तर ती मास्तरीण मागून नील. तिला दोन पोरं हायत. माझं फुटायचं ते फुटलं, आता हितंच असूं दे." रेखानं पदरानं हात पुसले. "आमच्या पायी न्हाई ठेवलं त्यांनी, काकू. तुमच्या पायी ठेवलं."

मी यातलं काही मानत नाही. तिची मुलं भांडली ती बांधावरून आणि बायकांवरून, कागदावरून नव्हे. पण ती मानत होती. ते घर फोडतं असं पुरतं मानत असताना तिनं ते मागून घेतलं आणि स्वतःच्या डोक्यावरच्या फळीवर ठेवलं, आणि मी तिचा हंडा घेतला. मला तिचा भयंकर राग आला. तोंडावर सांगितलं असतं तर मी भांडले असते, हसले असते, हंडा परत केला असता. सारा जन्म पाठ करून बोलली आणि जातानाही तशीच गेली.

पुस्तक स्कूटीच्या डिक्कीत घालून निपाणीला आले. दारात गाडी लावली. आत माझी थोरली सून भाकरी करत होती. पुढच्या महिन्यात धाकट्याचं लग्न, दोघे भाऊ सोप्यात बसून पत्रिकांवर नावं घालत होते आणि कशावरून तरी हसत होते. मी सीट उचललं, पोत्याचा तो तुकडा बघितला, आणि सीट परत खाली दाबून कुलूप लावलं.

अजून ते तिथंच आहे. थोरला विचारतो, आई, डिक्कीत काय एवढं जड? मी म्हणते, शाळेचं आहे. शाळेत जाते, बाजारात जाते, ते माझ्याबरोबर फिरतं. उंबऱ्याच्या आत मी ते आणलेलं नाही, आणि दोऱ्याला ब्लेड लावलेलं नाही.