बेबीकाकूंचं ‘येजो’

प्रफुलचा फोन आला तेव्हा मी पुण्यात, ऑफिसात, एका आईचं वाक्य मराठीत जुळवत बसले होते. परदेशात तयार झालेले मोबाईलवरचे गेम मराठीत आणायचे, हे माझं काम. त्यातही माझ्या वाट्याला येतात ते गोष्टीवाले गेम. खेळणारा त्यात एखादा पोरगा किंवा पोरगी होतो, लहानशा गावातून निघतो, मुलूखभर फिरतो, लढतो, भेटेल त्याच्याशी बोलतो आणि शेवटी सगळं जग वाचवतो. अशाच एका पोराच्या आईपाशी मी अडले होते. फोनवर प्रफुल एवढंच म्हणाला, “वैशू, माय गेली.” आणि मी वेड्यासारखी विचारून बसले, “कुठी?” कारण त्या घरात ‘गेली’, ‘जातो’ असे शब्द कुणी वापरतच नसे. बेबीकाकूंनी ते कधी वापरू दिले नव्हते.

घाटंजीत विहाराच्या मागच्या गल्लीत आमची घरं भिंतीला भिंत लागून. प्रफुल माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. बेबीकाकू, म्हणजे त्याची आई, अंगणवाडीत मदतनीस होत्या. त्याचे बाबा, आमचे काका, गावातल्या जिनिंगमध्ये फिटर होते. पण ती कापसाची वाईट वर्षं. कापूसच धड येईना, तिथं जिनिंगच्या मशिनी कशानं फिरणार? आधी हंगाम आखूड झाला, मग एका वर्षी गेटला कुलूप लागलं आणि काका गुजरातेतल्या जिनिंगमध्ये कामाला गेले. सुरुवातीला हंगाम संपला की यायचे. मग एकाला जोडून दुसरं काम निघायला लागलं आणि येणं लांबत गेलं. मूळचेच कमी बोलणारे, फोनवर तर “बरं हाय न?” याच्या पुढं गाडी सरकत नसे. त्यांनीच एकदा यवतमाळच्या ओळखीच्या माणसाकडून जुना कॉम्प्युटर घरी पोचता केला. पोरानं टायपिंग शिकावं असा हेतू होता. पोरानं गेम शिकले, आणि शेजारची म्हणून मीही.

दुपारी अंगणवाडीतून आल्या की काकू अंबाडीची भाजी घेऊन आमच्या मागे बसायच्या. पानं खुडता खुडता एक डोळा पडद्यावर. पहिले काही दिवस नुसतं पाहिलं. मग प्रश्न सुरू झाले, आणि ते असे की आम्ही खेळणं थांबवून एकमेकांकडे पाहायचो. “या पोट्ट्याचा बाप कुठी हाय?” मेला, प्रफुल म्हणाला. पुढच्या गेममध्ये पुन्हा तोच प्रश्न. तिथंही मेला होता. तिसऱ्यात हरवला होता. चौथ्यात आई, बाप आणि अख्खं गाव पहिल्याच अर्ध्या तासात जळून खाक. काकूंनी हातातली जुडी खाली ठेवली. “बाप मेल्याशिवाय गोष्टच सुरू होत नाई का या लोकाईची?”

आम्ही हसलो. पण मला आठवतं, मी फार वेळ हसू शकले नाही. त्या दिवसांत आमच्या तालुक्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरोघरी कॅमेरेवाले फिरायचे आणि आमच्याकडच्या गोष्टीही पेपरात तशाच सुरू व्हायच्या. बाप पहिल्याच ओळीत गेलेला. पुढं त्या घरात स्वयंपाक कोण करतं, पोरं शाळेत जातात का, हे विचारायला पुन्हा कुणी येत नसे. काकूंना मात्र नेमकं तेच हवं असायचं, गेममध्येही. पोरगा जग वाचवायला निघाला, ठीक आहे, पण घरात राहिली तिचं काय?

ज्या थोड्या गेममध्ये आई जिवंत असे, तिथं ती चुलीकडे तोंड करून उभी. काकूंना तिच्याबद्दल भयंकर कुतूहल. ती बसत का नाही? दिवसभर रांधते तर ताटात काहीच का दिसत नाही? एकदा प्रफुलच्या हीरोनं स्वतःच्याच घरातलं मडकं फोडलं आणि आतली नाणी खिशात घातली. या गेममध्ये तसं चालतंच, कुणाच्याही घरात शिरा आणि मडकी फोडा. काकू चाटच पडल्या. “आन् माय पाहून राह्यली नुसती? लाटणं नाई का तिच्या हातात?” पण एक गोष्ट त्यांना मनापासून पटली होती. घायाळ झालेला हीरो घरी येऊन आपल्या खाटेवर झोपला की सगळ्या जखमा भरून निघतात. खाणावळीत त्याच झोपेचे पैसे पडतात, घरी फुकट. “हे बाकी खरं लिव्हलं त्यानं,” काकू म्हणाल्या. गेम लिहिणाऱ्याला त्यांच्याकडून मिळालेली ती एकमेव शाबासकी.

आणि त्यांचा एक कायदा होता. गावाबाहेर पडायचं तर हीरोनं आधी घरात जायचं, आईसमोर उभं राहायचं, “येतो” म्हणायचं, मगच निघायचं. आता कॉम्प्युटरमधला हीरो कसला ‘येतो’ म्हणतो? आईसमोर नेऊन बटण दाबलं की तीच बोलायची, इंग्रजीत एक वाक्य. पण काकूंचं समाधान व्हायला ते पुरे असे. घरातून निघताना ‘जातो’ म्हणायचं नाही हे मराठी माणसाला सांगायला नकोच, पण काकू त्याबाबतीत कडक होत्या. ‘येतो’ कानावर पडल्याशिवाय त्या माणसाला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देत नसत, आणि पडलं की आतून उत्तर यायचं, “येजो.” वऱ्हाडाबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं की ‘ये’ आणि ‘येजो’ एक नव्हेत. ‘ये’ म्हणजे आत्ता ये. ‘येजो’ म्हणजे सावकाश ये, तुझं काम उरकून ये, पण ये बरं का! प्रमाण मराठीत हे सगळं एका शब्दात मावत नाही. गल्लीतलं कुणीही त्यांच्याकडून त्या शब्दाशिवाय निघालं नसेल.

तर प्रफुलनं हीरोला आईसमोर नेलं, बटण दाबलं. काकू विचारायच्या, “काय म्हणते थे?” प्रफुल वाचून, मराठी करून सांगायचा. आणि इथं खरी गंमत होती, जी मला लगेचच कळली, कारण माझंही इंग्रजी त्याच्याइतकंच होतं. त्या आईला गेमवाल्यांनी एकच वाक्य दिलं होतं. जपून जा, जेवण झाकून ठेवते, एवढाच त्याचा अर्थ. शंभरदा विचारा, तेच. पण पहिल्या दिवशी ते ऐकून काकू खुलल्या आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या आशेनं म्हणाल्या, “आज काय म्हणते?” आता कालचंच म्हणते, असं सांगणं प्रफुलच्या जिवावर आलं असावं. त्यानं ठोकून दिलं, “म्हणते, पायात काही घालून जाय, रस्त्यानं काटे हायेत.” मग रोज नवं. म्हणते, बापाचा फोन आल्ता. म्हणते, तू लई वाळला. म्हणते, पास नाई झाला तरी चालते, घरी येत जाय. एरवी दिवसभरात आईशी चार शब्द न बोलणारा हा मुलगा पडद्याकडे पाहत, आवाजही न बदलता, असलं काहीबाही वाचत राहायचा आणि काकू पानं खुडत “हं... हं...” करायच्या. मी मध्ये तोंड घातलं नाही. मला उत्सुकता होती, उद्या काय निघतं त्याची.

बारावीनंतर प्रफुलनं कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि पुण्याच्या एका कंपनीतून त्याला बोलावणं आलं. ते त्यानं मला सांगितलं, घरी नाही. बाप तिकडे, आपण निघालो तर माय भिंतींशी बोलेल, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. आठ दिवसांत हजर व्हायचं होतं आणि हा तोंड उघडेना. न जाण्याकडेच त्याचा कल झुकत चालला होता. त्या दुपारी तो गेम लावून बसला, हीरोला आईपुढं नेऊन उभा केला आणि तसाच ठेवला. काकूंनी विचारलं, “काय म्हणून राह्यली आज थे?”

प्रफुलनं बटण दाबलं. वाक्य उमटलं, नेहमीचंच. तो बराच वेळ वाचत राहिला... मग म्हणाला, “म्हणते, तू गेला तं मी एकटी कशी राहू.”

अंबाडीची पानं मोडण्याचा आवाज थांबला. काकू म्हणाल्या, “नीट वाच.”

“नीटच वाचलं.”

“नाई. माय असं नाई म्हणत. थे म्हणून राह्यली, जाय बाप्पा, मी काय लहान पोट्टी हाय का? फक्त येतो म्हणून जाय.” आणि जुडीतली पुढची काडी उचलून, जणू भाजीबद्दलच बोलतायत अशा आवाजात, “कधी निंगाचं हाय तुले?”

प्रफुलचे कान लाल झालेले मला आजही दिसतात. तो त्याच आठवड्यात निघाला. दारात “येतो माय” म्हणाला, आतून “येजो” आलं, आणि काकू एसटी स्टँडवर काही आल्या नाहीत. एका माणसाला दोनदा निरोप देत नाहीत, म्हणाल्या.

तो गेल्यावर मी त्यांना गाठलंच. इंग्रजीचं एक अक्षर येत नसताना तुम्हाला कळलं कसं? त्या माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहत होत्या. “रोज तेच तं चित्र उमटे वं. लांबीही तेवढीच. मले वाचता नाई येत, पण डोये तं हायेत.” मग इतके दिवस बोलला का नाहीत? “कायले बोलू? पोट्टं बोलून राह्यलं होतं माह्याशी. मायनं त्याले काय काय म्हणाव, थो रोज सांगे मले. बापासारखं मुकं झालं असतं तं मले कसं समजलं असतं?” हे सांगताना त्या हसत होत्या. मला मात्र रडू आलं होतं, का ते तेव्हा नीट कळलं नाही.

पुढं मीही पुण्याला गेले आणि कसं कोण जाणे, प्रफुल दुपारी करायचा तेच काम पोटापाण्याचं करून बसले. हीरोची वाक्यं हजारोंनी येतात. त्याच्या आईची हाताच्या बोटांवर. आईबापांना गोष्टीच्या दारातच का मारतात याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला वाटतं, लिहिणाऱ्याला त्यांची भीती वाटते. जिवंत ठेवलं तर ते विचारतील, जेवलास का, कुठं निघालास, परत कधी येणार. आणि एवढ्या प्रश्नांची उत्तरं देत बसलं तर जग कधी वाचवायचं? बाप हरवलेला असला तर शेवटी सापडतो, पण बहुतेक वेळा शत्रू होऊन, नाहीतर मुलाच्या मांडीवर डोकं ठेवून मरायला. काकूंनी याबद्दल फार पूर्वीच विचारलं होतं. “सापडल्यावर घरी येते का थो?” नाही, आम्ही म्हणालो होतो. “मंग कायले शोधाचं?”

काका आले मात्र. बऱ्याच वर्षांनी, गुडघे कामातून गेल्यावर, एक ट्रंक घेऊन. ओसरीवरच्या खुर्चीत बसले ते बसलेच. गप्पच. त्यानंतरच्या माझ्या पहिल्याच भेटीत काकूंनी चहा देता देता खुर्चीकडे मान हलवली. “सापडला बाप. घरी आला. लिव्हजो तुह्या गेमात.”

आमची शेवटची भेट उन्हाळ्यातली. मी त्यांना एक किस्सा सांगितला. एका गेममध्ये पोरगा घरातून निघतो आणि आई म्हणते, जा. मी तिथं लिहिलं, ‘येजो.’ तपासणाऱ्यानं लाल खूण करून पाठवलं, अर्थ उलट झाला आहे, मूळ शब्द जाण्याचा आहे, येण्याचा नाही. काकू पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. “त्याले त्याच्या मायनं कधी घराबाहेर धाडलंच नसन,” म्हणाल्या. मी निघाले तेव्हा नेहमीसारखं आतून “येजो” आलं. मी वळूनही पाहिलं नाही. रोजचं ऐकणं, त्यात काय पाहायचं?

गेल्या महिन्यात, काकूंच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर, मी घाटंजीला गेले. ओसरीवर गल्लीतल्या बाया बसल्या होत्या, काका खुर्चीत. प्रफुल आवराआवर करत होता. काकांना पुण्याला न्यायचं आणि घर बंद करायचं, असं त्यानं ठरवलं होतं. दाराला लावायचं नवं कुलूप त्यानं आणूनही ठेवलं होतं. काका हो म्हणत नव्हते, नाहीही म्हणत नव्हते. “इथं ठेवून काय करू?” प्रफुल मला म्हणाला. “आता येतो म्हणाचं तरी कोणाले या घरात?” बाजूला काकूंची अंबाडी खुडायची परात भिंतीला टेकून उभी होती.

बसची वेळ झाली, मी उठले. दुःखाच्या घरून निघताना ‘येतो’ म्हणत नाहीत, मुकाट्यानं उठून चालू लागायचं, हे मलाही ठाऊक आहे. पण पायात चपला सरकवल्या, स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड गेलं आणि इतक्या वर्षांची जीभ चुकली. “येते काकू.”

एका बाईनं दातांखाली जीभ धरली. दुसरी माझ्याकडे रागानं पाहायला लागली. प्रफुल कुलूप हातात धरून तसाच उभा. मी तिथंच थांबले, कारण उत्तर आल्याशिवाय त्या उंबऱ्यावरून पुढं जायची मला सवयच नव्हती.

खुर्ची करकरली. काकांनी घसा साफ केला. या घराच्या दारात त्यांनी कुणाला कधी काही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

“येजो,” काका म्हणाले.

प्रफुलनं त्यांच्याकडे पाहिलं, मग कुलूप खिडकीत ठेवलं आणि तोही खाली बसला.