सरांचा बर्फ, माझा फ्रीजर

आधीच सांगते, शिक्षण चौथीपर्यंत, ऱ्हस्व-दीर्घाची खात्री नाही आणि अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं. ही वही कुणाच्या हाती लागलीच तर सांभाळून घ्यावं. पण दुबईतल्या बर दुबई भागात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या सरांसारखं कोडं मी जन्मात दुसरं पाहिलं नाही. एवढ्या उन्हाच्या गावात राहून या माणसाचं काम बर्फाचं, तोही विकायचा नाही, नुसता वितळताना बघायचा. एरवी कॉलेजात शिकवत, आणि दर हिवाळ्यात पृथ्वीच्या टोकाला, गोठलेल्या समुद्रावर, गोऱ्या शास्त्रज्ञांबरोबर जात. त्यासाठी इतकं लांब कशाला जायचं हे मला कधी कळलं नाही. आमच्या बाल्कनीत बर्फ दोन मिनिटांत वितळतो. घरी एसी पार थंड करून कानटोपी घालून बसायचे, सवय मोडू नये म्हणून. सरबत दिलं तर आधी पेला कानाला लावून आतला बर्फ कसा तडकतो ते ऐकायचे, मग आमच्या मिस्टरांनाही ऐकायला लावायचे. मिस्टर अल क्वोजच्या वर्कशॉपमध्ये दिवसभर पत्रे ठोकणारे, त्यांना काय ऐकू येणार? तेही मान डोलवायचे.

मी जेवणाचे डबे करायची, त्यात एक सरांचाही, म्हणून घरात मोठा फ्रीजर. एका उन्हाळ्यात कॉलेजचा फ्रीजर बिघडला, तेव्हा सरांनी तिकडून आणलेला बर्फाचा एक गोल दांडका पिशवीत घालून माझ्या सुरमईशेजारी आणून ठेवला. त्यात मधोमध तपकिरी पट्टा होता. ते म्हणे जिवंत शेवाळ. आपल्या जवळ्यासारखी कोळंबी ते शेवाळ खाऊन वाढते, आणि त्या कोळंबीवर देवमासा जगतो. मी आणखीच गोंधळले. "वहिनी, या पट्ट्यावर माझं वर्षभराचं काम आहे. वितळू देऊ नका," एवढं मात्र समजलं.

ऑगस्टात बिल्डिंगची लाइट दुपारभर गेली. मी मीना बाजारातून येऊन बघते तर सुरमई मऊ आणि दांडक्याचं पाणी, तेही अर्धं गळलेलं. मिस्टर म्हणाले, "खलास. पाणीच ना ते? परत गोठव." मला पटलं. कमी पडलं तेवढं नळाचं पाणी घातलं, समुद्राचा बर्फ म्हणून चवीपुरतं मीठ घातलं, आणि गोल यावं म्हणून उंच पेल्यात लावलं. दांडका हुबेहूब झाला. पट्टा मात्र जमेना.

दोन दिवस सरांचा डबा फक्त वर पाठवत राहिले. सरांसमोर तोंड उघडणं मला शक्य नव्हतं. तिसऱ्या दिवशी सगळं चिठ्ठीत लिहिलं, मिठाचंसुद्धा, आणि ती त्यांच्या डब्यात पोळ्यांवर ठेवली. संध्याकाळी डबा नेहमीसारखा धुऊन परत आला. आत त्यांची चिठ्ठी होती: "वहिनी, पट्टा मलाही जमला नसता. मीठ मात्र बरोबर घातलंत." अक्षर माझ्यापेक्षा वाईट आलं होतं.

दुसऱ्या दिवशी खाली येऊन त्यांनी माझ्या दांडक्याच्या पिशवीवर, त्यांच्या बर्फांना लावतात तसं लेबल लावलं: बर दुबई, ऑगस्ट. त्या हिवाळ्यात नवा पट्टा आणायला गेले, आणि मग तिकडेच कुठे नोकरीला लागले.

पिशवी अजून माझ्याकडे आहे. नळाचंच पाणी आहे, मला ठाऊक आहे. तरी लाइट गेली की मी आधी सुरमई बघत नाही.