गुरुवारच्या मालिकेतल्या बांगड्या

कन्नड मुलखातल्या आमच्या शिवाजीनगरात बसस्टँडच्या मागच्या गल्लीत अनुसूयाअक्काचं बांगड्यांचं दुकान होतं. नवरा गेल्यावर पंचवीस वर्षं तिनं ते एकटीनं चालवलं. अर्ध्या गल्लीचे चुडे तिनंच भरलेले, माझ्या तिन्ही सुनांचेसुद्धा.

गुरुवारी संध्याकाळी ती दुकान लवकर बंद करायची आणि माझ्याकडे कन्नड मालिका बघायला यायची. बघायला म्हणजे चुका काढायला. नायिका अंगणात असताना कपाळावर गोल कुंकू, तीच उंबरा ओलांडून आत आली की लांब टिकली. सासरा जेवायला बसतो तेव्हा ताटात दोन मुद्दे, म्हणजे नाचणीचे गोळे, एक घास घेतो तर तीन. अक्का मांडीवर थाप मारायची. "बघितलंस, सोयराक्का? जेवतोय की वाढतोय?"

मी इतकी वर्षं टीव्ही बघते, पण मला गोष्टच दिसते. हिला हे कसं दिसतं, याचं मला फार नवल वाटायचं. एकदा विचारलं तर म्हणाली, "हात बघत जन्म गेला माझा. माणूस बोलतं एक आणि हात करतात दुसरं."

हे सगळं बरं चाललं होतं. पण चौऱ्याण्णव साली मार्गशीर्षात भार्गवी नावाच्या नवरीला चुडा भरताना एक बांगडी वाढली. फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. काच मनगटात गेली, रक्त आलं. नवरीची आई रडायला लागली, लग्नघराला अपशकुन झाला म्हणून. अक्काचा मुलगा सयाजी त्या दिवशी दुकानातच होता.

"आई, तुझे डोळे गेलेत. आता पुरे," तो म्हणाला. दुकानाच्या जागी त्याला व्हिडिओ कॅसेटी भाड्यानं द्यायच्या होत्या. त्यासाठी मशीनसुद्धा आणून ठेवलं होतं त्यानं.

"डोळे गेलेत म्हणे! अरे, टीव्हीतली चूक तुम्हा कुणाला दिसत नाही, ती मला दिसते."

"सरी, ठीक आहे. या गुरुवारी मी मालिका टेप करतो. तू चूक सांग, मी मागे नेऊन बघतो. निघाली तर दुकान तुझं. नाही निघाली तर चावी माझ्याकडे."

अक्का चटकन हो म्हणाली. मला मात्र आठवत राहिलं की गेल्या वर्षभरात कुंकवाची, ताटाची चूक तिनं एकदाही काढली नव्हती. पाऊस पडतोय पण पत्रा वाजत नाही, कुत्रं भुंकताना एक आणि केकाटताना दुसरंच, असल्याच चुका काढायची.

गुरुवारी सयाजी मशीन घेऊन माझ्याकडे आला. मालिका सुरू झाली. नायिका विहिरीवरून कळशी घेऊन स्वयंपाकघरात आली, चुलीपुढे बसली आणि अक्का ओरडली, "थांबव! बांगड्या बदलल्या!"

मालिका संपल्यावर सयाजीनं टेप मागे नेली. विहिरीवर हिरव्या बांगड्या. चुलीपुढेही हिरव्याच. मी टीव्हीला नाक लावून मोजल्या. तिथे सहा, इथेही सहा.

"आई, चावी," सयाजी म्हणाला. जोरात नाही, हळूच.

अक्कानं पदराची गाठ सोडली, चावी मुठीत धरली. मग म्हणाली, "अजून एकदा लाव. या खेपेला तुम्ही दोघंही डोळे मिटा."

मिटले. विहिरीवर किणकिण, किणकिण. मग कळशी ठेवल्याचा आवाज आणि नंतर टक, टक, टक.

"काच होती, प्लास्टिक झालं," अक्का म्हणाली. "हिच्या बांगड्या मधे कुठंतरी वाढल्या असतील आणि कुणीतरी धावत जाऊन बाजारातून स्वस्तातल्या आणल्या असतील."

सयाजी पोट धरून हसला. "अगं, हे कान आहेत की काय!" आणि हसता हसता थांबला. "कान. म्हणजे तू बघितलं नाहीसच."



त्यानं तिच्यापुढे बोटं धरली. "किती?"

"बोटं वाजत नाहीत रे," ती म्हणाली.

मला हसू आलं. सयाजी तिच्याजवळ खाली बसला. "मग त्या नवरीच्या वेळी?"

"मी प्रत्येक बांगडी आधी दुसरीवर वाजवून घेते. तडा असेल तर बद्द वाजते, ती बाजूला. त्या दिवशी तू समोर उभा होतास, माझ्याकडे बघत. तुला दाखवायचं म्हणून मी बांगडी डोळ्यांपुढे धरली. बघितल्यासारखं केलं. वाजवली नाही." जरा थांबून म्हणाली, "त्या पोरीला माझ्यामुळे लागलं, सयाजी. डोळ्यांमुळे नाही, दिमाखामुळे लागलं."

तो मशीनची वायर गुंडाळत बसला. मग म्हणाला, "चावी तुझ्याकडेच ठेव. पण संक्रांतीनंतर मोतीबिंदू काढायचा. आणि दुकानात स्वल्प जागा दे, एक फळी कॅसेटींना."

"खालची फळी," अक्का म्हणाली. "वरची माझी."

मोतीबिंदू निघाला. बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा आला. चैत्रात मी मुद्दाम बांगड्या भरायला गेले. भार्गवीची आई तिथेच बसली होती. धाकट्या मुलीला घेऊन आली होती. मला बरं वाटलं.

अक्कानं माझा हात मांडीवर घेतला. एकेक बांगडी कानाशी नेऊन दुसरीवर वाजवायची, मगच चढवायची. चष्मा नाकावर, नजर रस्त्यावर.

"अगं, मग हा चष्मा कशाला?" मी विचारलं.

"तो होय?" तिनं मान मागे कॅसेटींच्या फळीकडे वळवली. तिथे सयाजी गिऱ्हाइकाशी बोलत होता. "तो त्याला दिसावा म्हणून."