चार फोटोंचा फोन

आमच्या बोळिंजच्या सोसायटीत एक बाई होत्या. त्यांच्या हातात मोबाइल दिला की त्या मोबाइलकडे बघायच्याच नाहीत. म्हणायच्या, "आधी अंगठा दाखवा." मग आपला अंगठा धरून खिडकीच्या उजेडाकडे वळवायच्या आणि सराफाने दागिना बघावा तसा बघायच्या. कुणाचा विळीने चिरलेला, कुणाचा सुईने टोचलेला. माझा जन्म गेला वाडीत, केळीची पानं कापण्यात. माझा अंगठा बघून म्हणाल्या, "वहिनी, हा अंगठा काचेला कळायचा नाही. याला मोठी चित्रं लागतील." माझ्या अंगठ्याची एवढी चौकशी लग्नानंतर आजवर कुणी केली नव्हती.

नाव होतं त्यांना, पण हाक सगळे एक्सचेंजबाई म्हणूनच मारायचे. सगळी नोकरी टेलिफोन एक्सचेंजमध्ये, कानाला यंत्र लावून लोकांचे फोन जोडण्यात गेलेली. यजमान आधीच वारलेले, मुलगा हुबळीला नोकरीला. रोज दुपारी जेवण आटोपलं की दार सताड उघडं ठेवून बसायच्या आणि आम्हा म्हाताऱ्या मंडळींचे फोन सरळ करून द्यायच्या. सरळ करणं हा त्यांचाच शब्द बरं का.

आता सरळ करणं म्हणजे काय, तर काढून टाकणं. सुनेने मला फोन घेऊन दिला त्यात तीन पानं भरून चित्रं होती. हवामान, बातम्या, पावलं मोजणारं काय, कुठल्या कुठल्या गावची घड्याळं काय. मी आपली घाबरत घाबरत बोट लावायची आणि भलतंच काहीतरी उघडायचं. एकदा तर फोन स्वतःच बोलायला लागला. जिथे बोट लावू ते मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि गप्प कसा करायचा ते कळेना. शेवटी मी तो तांदळाच्या डब्यात घालून झाकण लावलं आणि सुनेची वाट बघत बसले.

बाईंनी पंधरा मिनिटांत ते सगळं आत कुठेतरी लोटलं आणि पहिल्या पानावर चार फोटो ठेवले. मुलगा, सून, आमचे हे, आणि खालच्या मजल्यावरचे डॉक्टर. फोटोवर बोट ठेवायचं, फोन लागतो. बस. मी बहिणीचाही ठेवा म्हटलं तर ऐकेनात. "पाचवा मागायचा नाही. पाचवा आला की पहिला सापडत नाही." हा त्यांचा नियम, आणि तो सगळ्यांना सारखा.

सुनेला हे काही आवडलं नाही. तिचं म्हणणं, फोनमध्ये प्रत्येकाला आपल्या मनासारखं करून घेता येतं, मग आईंनी एकदा शिकून घ्यावं, दुसऱ्याने ठरवलेलं का वापरावं? ती हे बाईंच्या तोंडावरच बोलली. बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, "तुला बदलता येतं म्हणून तुला मजा वाटते. यांना आपल्या हातून बदलेल याचीच धास्ती आहे." अगदी माझ्या पोटातलं बोलल्या. सून जाताना मला म्हणाली, "आई, त्यांनी काय काय बंद केलंय ते तरी विचारून ठेवा." मी विचारलं नाही. बंद आहे यातच मला सुख होतं.

त्यात ह्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग औषधं, मग एक दिवस घराचा मजलाच विसरले. दुसऱ्यांच्या दारात उभे राहून बेल वाजवत होते आणि दार उघडणाऱ्या बाईलाच विचारत होते, तुम्ही आमच्या घरात कशा? आम्ही हसलो तेव्हा. पण त्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. हे न्हाणीघरात जरा जास्त वेळ लागले तरी मी दाराशी जाऊन कान देते.

आणि त्याच दिवसांत मला तो फोन आला. कोणी माणूस गोड बोलून सांगत होता की आज संध्याकाळी तुमची वीज कापणार, फोनवर आलेला नंबर वाचून दाखवा. मी चष्मा शोधत होते म्हणून वाचले, नाहीतर वाचून दाखवणारच होते. तशीच बाईंकडे गेले. त्यांनी फोन घेतला, काहीतरी दाबलं आणि परत दिला. "आता ज्यांची नावं तुमच्या फोनमध्ये आहेत त्यांचाच वाजेल. बाकी जगाला वाजवू दे, तुम्हाला ऐकूच येणार नाही." उचलायचे राहिलेले फोन दाखवणारी खूणही त्यांनी काढून टाकली, उगाच मनाला घोर नको म्हणून. त्या रात्री मला छान झोप लागली. माझं ऐकून सोसायटीतल्या किती जणींनी तसंच करून घेतलं.

मग तो मंगळवार. मी देवपूजा करत होते, तेवढ्यात हे दार ओढून गेले. त्यांचा फोन चार्जिंगला लावलेला, तो तिथेच. सकाळचे दहा वाजले असतील. आधी मी जिने बघितले, मग गेट, मग बाजार. मुलगा-सून कामावरून निघाले. डॉक्टर आपला दवाखाना टाकून स्कूटरवर तळ्यापर्यंत जाऊन आले. मी दारात खुर्ची टाकून बसले, फोन मांडीवर. त्या चार फोटोंकडे बघत होते. तिघांशी बोलून झालं होतं, आणि चौथ्या फोटोवर बोट ठेवलं की शेजारच्या खोलीत चार्जिंगला लावलेला फोन वाजायचा. दोनदा ठेवलं मी बोट. का ठेवलं ते विचारू नका.

चार वाजता गेटशी रिक्षा थांबली. एक बाई ह्यांचा हात धरून उतरली. गास गावची होती, भाजीची पाटी मांडीवर तशीच. आमची वाडी विकून कितीतरी वर्षं झाली, पण हे बस पकडून थेट तिथेच गेले होते. तिथल्या तिच्या भाजीच्या लावणीत उभं राहून तिलाच सांगत होते, पाट उघडा, पाणी वळवा, केळी सुकतील. तिने ओळखलं की माणूस चुकलाय. सावलीत बसवलं, पेज दिली. आणि गंमत बघा, घर कुठे ते आठवेना, पण माझा फोन नंबर ह्यांना तोंडपाठ. तिने आपल्या फोनवरून लावला.

"पाच येला लावला," ती मला म्हणाली. "कोन उचलीतच नाय. शेवटाला बिल्डिंगचा नाव आठवला त्यांना, म्हनून आले. घरातला मानूस नकोसा झालाय काय तुमाला?"

तिला पाणी विचारायचंही सुचलं नाही मला. ती गेली, आणि मी फोन घेऊन बाईंच्या दारात उभी राहिले. काय काय बोलले ते आता लिहीत नाही. शेजारीण बाहेर येऊन बघायला लागली इतकं बोलले.

बाईंनी फोन उघडला, आत खोल कुठेतरी जाऊन ते पाच फोन शोधले आणि मोजले. मग म्हणाल्या, "एक्सचेंजमध्ये आम्ही कुणाचाही फोन अडवला नाही, वहिनी. कोण बोलतंय विचारायचो आणि जोडायचो. इथे मी तुमच्या दाराला बाहेरून कडी घातली, आणि तुम्हाला दाखवलीसुद्धा नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्यांचं दार दुपारचं बंद. कारण त्याच घरोघरी फिरत होत्या. गुडघे दुखायचे, तरी तिन्ही इमारतींचे जिने चढल्या. ज्यांचे ज्यांचे फोन सरळ केले होते त्या प्रत्येकीला आधी स्वतःची चूक सांगायच्या, मग ती कडी काढायची कशी, घालायची कशी हे तिच्याच बोटाने दहादा करून घ्यायच्या. स्वतः फोनला हात लावायच्या नाहीत. मला तर रडवलं. चुकलं की पहिल्यापासून. "चित्रं चारच ठेवा. पण ही एक खिट्टी तुमच्या हाताने काढता आलीच पाहिजे." काही जणींना नकोच होतं ते. फसवणाऱ्यांचे फोन परत सुरू होतील म्हणून दोघीतिघींनी दारातूनच परत पाठवलं त्यांना. बाई खाली येऊन बाकावर बसल्या होत्या, मी बघितलं. पहिल्यांदाच म्हाताऱ्या दिसल्या.

माझ्या फोनला तेव्हापासून सगळे येतात. कर्जवाले, विमेवाले, बक्षीस लागलंय म्हणणारे. प्रत्येक वेळी आधी हे घरात आहेत ना ते बघते, मग उचलते, कोण बोलतंय विचारते, आणि नको ते असेल तर ठेवून देते. सुख नाही त्यात. पण उचलते.

गेल्या वर्षी मुलगा बाईंना हुबळीला घेऊन गेला. जाताना मला म्हणाल्या, ह्यांच्या खिशात नंबर लिहिलेला कागद ठेवत जा, फोनच्या भरवशावर राहू नका. मी ठेवते. मधून मधून आमचं बोलणं व्हायचं, मग त्यांचा आवाज बारीक होत गेला.

परवा दुपारी अनोळखी नंबर आला. बाईंचा मुलगा बोलत होता, स्वतःच्या फोनवरून. आई सकाळी गेली म्हणाला. मला बसायला जागा सापडेना. मग तोच म्हणाला, "कुणाकुणाला कळवायचं ते मला माहीत नव्हतं, मावशी. आईचा फोन उघडला, तर त्यावर तुम्हा बोळिंजवाल्यांचे चाळीस एक फोटो आहेत, पहिल्याच पानापासून. म्हणून वरून एकेकाला लावतोय."

मी विचारलं, मी कितवी? म्हणाला, सातवी. आधीच्या सहांतल्या दोघींनी उचललाच नाही.

त्या दोघींची नावं मी विचारून घेतली. बाईंना दारातूनच परत पाठवलेल्यांतल्याच त्या. ह्यांना चप्पल घालायला लावली, हाताला धरलं, आणि पलीकडच्या इमारतीचा जिना चढायला लागले.